संध्याकाळचा पास्ता आणि घरात असेल ती भाजी

वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातून उत्तरं

पास्ता आणि एका कढईत होणाऱ्या रात्रीच्या जेवणाबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. वाटी म्हणजे 150 मिलिची आमटीची वाटी, मोठा चमचा 15 मिलिचा, लहान चमचा 5 मिलिचा, असं माप धरलं आहे.

प्रश्न : घरी यायला साडेसात होतात. फ्रीजमध्ये अर्धा फ्लॉवर, दोन गाजरं, मूठभर फरसबी, एखादी सिमला मिरची असं काहीतरी असतंच. त्यातून पास्ता करते, पण भाज्या लिबलिबीत होतात आणि ताटलीत खाली पाणी साचतं. आम्ही चौघं आहोत. कुठे चुकतंय? (ठाणे)

उत्तर : भाजीतलं पाणी आटून जायला हवं आणि पास्ता उकळलेलं पाणी कामाला यायला हवं. तुमच्याकडे बहुधा याच्या उलट होतंय. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आहे आणि पास्त्याचं पाणी मोरीत जातं आहे.

चौघांसाठी 300 ग्रॅम पेने (नळ्यांचा पास्ता) आणि चिरलेली भाजी 500 ते 600 ग्रॅम घ्या. घरात आल्या आल्या अडीच लिटर पाणी झाकण ठेवून मोठ्या गॅसवर चढवा आणि मगच विळी-सुरी हातात घ्या. एवढं पाणी उकळायला बारा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात भाजी चिरून होते. पाणी खळखळलं की सपाट तीन लहान चमचे मीठ घाला. एवढं मीठ पाहून हात आखडतो, पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबरच निघून जातं. पास्त्याला आतून मीठ लागायची हीच एक वेळ असते. नंतर वरून कितीही मीठ घातलं तरी तो आतून अळणीच राहतो.

भाजी धुतल्यावर फडक्यावर पसरून कोरडी करा. फ्लॉवरचे तुरे अर्धे कापा म्हणजे एक बाजू सपाट होते. 28 सेंटिमीटरच्या पसरट पॅनमध्ये दीड मोठा चमचा तेल चांगलं तापू द्या आणि फ्लॉवर सपाट बाजू खाली करून एका थरात मांडा. आता दोन मिनिटं कालथा लावू नका. सगळ्यात अवघड काम हेच, कारण हात आपोआप ढवळायला जातो. तुकडा स्थिर राहिला तरच त्याच्या खालचं पाणी उडतं आणि तपकिरी डाग पडतो. चव त्या डागात असते. मग उलटून आणखी तीन-चार मिनिटं परता आणि ताटात काढा. त्याच पॅनमध्ये गाजराच्या पातळ चकत्या तीन मिनिटं परता, त्यात सिमला मिरची घालून आणखी दोन मिनिटं परता आणि काढून ठेवा. फरसबी पॅनमध्ये लवकर शिजत नाही. तिचे दोन सेंटिमीटरचे तुकडे पास्त्याच्या पातेल्यातच शेवटची पाच मिनिटं उकळा.

चारही भाज्या एकदम पॅनमध्ये ओतल्या की तापमान खाली येतं, सुटलेली वाफ तुकड्यांमध्ये अडकते आणि भाजी परतायच्या ऐवजी उकडते. झाकण ठेवलं, मीठ आधी घातलं किंवा भाजी ओली टाकली तरी तेच होतं. मीठ भाजी पॅनमधून काढताना घाला.

आता पास्ता. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 9 मिनिटांनी काढा. एक नळी मधे कापून पाहा. मधोमध पांढरट ठिपका दिसला पाहिजे, म्हणजे बारीकशी कणी राहिलेली आहे. बोटचेपा भात ज्यांना जमतो त्यांना हे लगेच कळेल. निथळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवा. निथळलेल्या पास्त्यावर गार पाणी ओतू नका, त्याने वरचं पिष्ट धुतलं जातं आणि पुढे काहीच धरत नाही. उकळत्या पाण्यात तेल घालायची सवयही सोडा. ते वर तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागतं, मग सॉस घसरतो. पास्ता चिकटू नये असं वाटत असेल तर पहिली दोन मिनिटं ढवळत राहा.

रिकाम्या पॅनमध्ये दोन मोठे चमचे तेल आणि लसणाच्या सहा पाकळ्यांचे काप मंद आचेवर ठेवा. कडा पिवळसर झाल्या की चिमूटभर मिरचीचं भरड घाला आणि लगेच पास्ता व एक वाटी पाणी ओता. लसूण तपकिरी झाला तर कडू लागतो आणि तो कडूपणा नंतर झाकत नाही. गॅस मोठा करून दोन मिनिटं पॅन हलवत, ढवळत राहा. पाण्यातलं पिष्ट आणि तेल मिळून येतात आणि नळ्यांवर पातळसा दुधट लेप बसतो. कोरडं वाटलं तर आणखी अर्धी वाटी पाणी घाला. मग परतलेली भाजी घाला, गॅस बंद करा आणि 40 ग्रॅम किसलेलं चीज, मिरपूड व अर्ध्या लिंबाचा रस घाला. चीज गॅस चालू असताना घातलं तर त्याच्या तारा-गोळ्या होतात.

पातेल्याखालचा गॅस पेटवल्यापासून 35 मिनिटांत जेवायला बसता येतं.

प्रश्न : टोमॅटोच्या सॉसमध्ये दूध घातलं की फाटतं. क्रीम नसतं तेव्हा पिंक सॉस कसा करायचा? (कोल्हापूर)

उत्तर : टोमॅटोच्या आंबटपणाने आणि उष्णतेने दुधातलं केसीन गोळा होतं. स्निग्धांश जितका कमी तितकं दूध लवकर फाटतं, म्हणून गायीचं पातळ दूध सर्वांत आधी दगा देतं. पाकिटातल्या 25 टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला हा धोका बराच कमी असतो. पण रोज कोण क्रीम आणून ठेवतं? दुधाला पिठाचा आधार दिला की काम होतं.

500 ग्रॅम पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून सोला आणि चिरून दोन चमचे तेलात लसणाबरोबर शिजवा. बारा ते पंधरा मिनिटांनी तेल कडेला सुटायला लागेल आणि मिश्रण साधारण दोन वाट्या उरेल. कच्चट आंबटपणा इथेच जातो. घाईत पाच मिनिटांत उतरवलेल्या टोमॅटोचा पिंक सॉस हमखास बिघडतो. फार आंबट असतील तर साखरेऐवजी एक लहान गाजर किसून टोमॅटोबरोबरच शिजवा, चव जास्त भरीव येते.

दुसऱ्या भांड्यात एक मोठा चमचा लोणी वितळवा, त्यात सपाट एक मोठा चमचा मैदा दोन मिनिटं मंद आचेवर परता. रंग बदलू द्यायचा नाही. भांडं गॅसवरून उतरवून दीड वाटी फ्रीजमधलं गार दूध थोडं थोडं घालत ढवळा. गरम पिठात गार दूध घातलं तर गुठळ्या होत नाहीत. दोन्ही गरम असले तर होतात. परत गॅसवर ठेवून दाटसर होईपर्यंत शिजवा. मग टोमॅटो या पांढऱ्या सॉसमध्ये दोन-तीन हप्त्यांत घाला. पांढरा सॉस उकळत्या टोमॅटोत ओतायचा नाही. यानंतर उकळी आणू नका, फक्त गरम करा.

फाटलाच, तर पूर्ववत होत नाही. पण चीजची एक स्लाइस घालून मिक्सरमधून फिरवला तर खरखर जाते. प्रोसेस्ड चीजमध्ये मिश्रण धरून ठेवणारे क्षार असतात, त्यांचा इथे उपयोग होतो.

प्रश्न : बिडाची कढई नवीन घेतली आहे. त्यात पास्ता, भाज्या वगैरे केलं तर चालेल का? (नागपूर)

उत्तर : भाज्या परतायला बिडाइतकं चांगलं भांडं नाही. जाड असल्यामुळे भाजी पडली तरी ते लवकर गार होत नाही. टोमॅटो, लिंबू, चिंच, दही मात्र त्यात शिजवू नका, निदान पहिले काही महिने तरी. आंबटामुळे तेलाचा बसलेला थर सुटतो, लोखंड उतरतं, सॉस काळपट होतो आणि धातूची चव लागते. लोखंडी कढईचंही असंच. टोमॅटोचा सॉस स्टीलच्या जाड बुडाच्या किंवा हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यात करा आणि बिडात परतलेली भाजी त्यात मिसळा. बिडाच्या कढईत जेवण झाल्यावर उरलेला पास्ता तसाच ठेवायचाही नाही. पाण्याने गंज धरतो. धुऊन, गॅसवर मिनिटभर कोरडी करून तेलाचा हात फिरवा.

प्रश्न : ब्रोकोली, झुकिनी आमच्या आठवडी बाजारात मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. दुधी, दोडका, लाल भोपळा, कोबी, वांगी यांचा पास्ता होतो का? की उगाच प्रयोग? (सातारा जिल्हा)

उत्तर : उगाच प्रयोग मुळीच नाही. इटलीतल्या घरांतही पास्ता हा परसातल्या आणि स्वस्त भाजीचाच असतो. नेपल्समध्ये भोपळ्याचा पास्ता करतात, पुलिया प्रांतात कडवट पाल्याचा, सिसिलीत वांग्याचा आणि फ्लॉवरचा. भाजी बदलली तरी रीत तीच राहते. एकेक घेऊ.

लाल भोपळा आधी, कारण तो सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. सोललेला 400 ग्रॅम भोपळा दीड सेंटिमीटरच्या फोडी करून घ्या. कढईत दोन मोठे चमचे तेल, लसणाच्या चार ठेचलेल्या पाकळ्या आणि मोडलेली एक बेडगी मिरची घाला. लसणाचा वास सुटला की फोडी आणि अर्धा चमचा मीठ घालून तीन मिनिटं परता. एक वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि बारा मिनिटं मंद आचेवर शिजवा. फोडी बोटाने दाबल्या जाऊ लागल्या की डावाच्या पाठीने निम्म्या चेचा आणि निम्म्या तशाच राहू द्या. आता याच कढईत 250 ग्रॅम लहान मॅकरोनी, पाऊण लहान चमचा मीठ आणि चार वाट्या उकळतं पाणी घाला. वेगळं पातेलं लागत नाही. झाकण न ठेवता मध्यम आचेवर शिजवा. सुरुवातीला ढवळायची फार गरज नसते, पण शेवटची चार-पाच मिनिटं हात थांबवू नका, भोपळा बुडाला लागतो. मॅकरोनी शिजायच्या आत पाणी आटलं तर अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, गार नको, गार पाण्याने शिजणं थांबतं. ढवळताना कालथ्याच्या मागे कढईचं बूड क्षणभर दिसू लागलं की गॅस बंद करा. भरपूर मिरपूड आणि 30 ग्रॅम चीज घालून दोन मिनिटं झाकून ठेवा. या दोन मिनिटांत ते आणखी दाटतं, म्हणून गॅस बंद करताना थोडं सैलच दिसायला हवं. भोपळा गोड निघाला तर लिंबू पिळा. तिघांना पुरतं.

वांगं : भरताचं मोठं वांगं चांगलं, त्यात बिया कमी. दीड सेंटिमीटरचे तुकडे, त्यांना लहान चमचाभर मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, मग मुठीत दाबून पिळा. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो. मिठाने त्या पोकळ्या बसतात आणि वांगं तेल कमी पितं. तीन चमचे तेलात मोठ्या आचेवर तपकिरी करून टोमॅटोच्या दाट सॉसमध्ये घाला. सिसिलीतल्या कातानिया शहरात असाच पास्ता करून वर खारवलेला कोरडा रिकोटा किसतात. आपल्याकडे पनीर चुरून त्याला मीठ आणि लिंबाचे काही थेंब लावले तर काम भागतं.

कोबी आणि बटाटा : उत्तर इटलीच्या वाल्तेलिना खोऱ्यात कुट्टूच्या पिठाचा रुंद पास्ता कोबी आणि बटाट्याबरोबर एकाच पातेल्यात उकळतात. घरच्या पास्त्यातही हे होतं. खारवलेल्या उकळत्या पाण्यात एक मोठा बटाटा दीड सेंटिमीटरच्या फोडी करून पाच मिनिटं उकळा. मग 200 ग्रॅम पास्ता आणि 200 ग्रॅम कोबीच्या रुंद पट्ट्या त्यातच टाका. सगळं एकदम निथळा. 30 ग्रॅम लोण्यात लसूण परतून वर ओता आणि 50 ग्रॅम चीज थराथरात घाला. यात पॅनवर परतायचं काही नाही, म्हणून सर्वांत थकलेल्या दिवशी हाच करावा.

दुधी, दोडका, घोसाळी : या भाज्या म्हणजे बहुतांशी पाणी. पातळ चकत्या करून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी पिळा आणि मोठ्या आचेवर दोन खेपांत परता. दोडक्याच्या शिरा काढा, साल थोडं राहिलं तरी चालतं. क्रीमच्या सॉसमध्ये यांचा लगदा होतो. लसूण, मिरपूड, चीज एवढंच ठेवा.

मुळ्याचा पाला : पुलियातल्या ज्या पाल्याचा उल्लेख केला तो आणि मुळा एकाच कुळातले आहेत. पाला चिरून पास्त्याच्या पाण्यात शेवटची तीन मिनिटं उकळा, दोन्ही निथळून लसूण-लाल मिरचीच्या तेलात घोळवा. कडसर, तिखट आणि फारच चांगला लागतो. पाला फेकू नका.

पालक : 250 ग्रॅमची जुडी मोठ्या आचेवर पाण्याशिवाय दोन मिनिटं परता, दाबून पाणी काढा, शेवटी मिसळा. मेथी अर्ध्या जुडीपेक्षा जास्त नको, आणि तिच्याबरोबर मक्याचे दाणे असू द्या.

गवार आणि कारलं यांना पास्त्यात घालू नका. गवारीला शिजायला वेळ लागतो आणि तिची तुरट चव चीजशी जुळत नाही. भेंडी चालते, पण चकत्या वेगळ्या कोरड्या परतून अगदी शेवटी वरून. सॉसमध्ये शिजली की तार सुटते.

प्रश्न : चातुर्मासात आमच्याकडे कांदा, लसूण, वांगी बंद. मुलं पास्ता मागतात. लसणाशिवाय चवच येत नाही. (सांगली)

उत्तर : कांदेनवमीनंतर चार महिने पास्ता बंद ठेवायची गरज नाही. लसणाने जो तिखट-खमंग पाया मिळतो तो दोन-तीन गोष्टींनी मिळून तयार करावा लागतो. दोन चमचे तेलात पाव चमचा हिंग मंद आचेवर फुलवा, त्यात एक गाजर अगदी बारीक चिरून आणि कोथिंबिरीच्या देठांचे बारीक तुकडे घालून सात-आठ मिनिटं परता. गाजराच्या कडा तपकिरी व्हायला हव्यात, इथे घाई केली तर सॉस फिका राहतो. मग टोमॅटो घाला आणि तेल सुटेपर्यंत शिजवा. शेवटी लिंबाची किसलेली साल पाव चमचा आणि ताजी कुटलेली मिरपूड. किसताना सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो.

कुंडीत सब्जा असेल तर त्याची पानं वापरा. इटालियन बेसिल त्याच जातीचं आहे. पानं हाताने तोडून गॅस बंद केल्यावर घाला.

आणखी दोन गोष्टी पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. तयार मसाल्याच्या पुड्यांत आणि बाटलीबंद सॉसमध्ये पुष्कळदा कांद्या-लसणाची पूड असते, घटकांची यादी वाचा. आणि इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, म्हणजे ते शाकाहारी नाही. हिरवा ठिपका असलेलं भारतीय चीज घ्या.

प्रश्न : कुकरमध्ये पास्ता करता येतो असं ऐकलं. प्रमाण सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये 200 ग्रॅम पेने, तेलात परतलेली 250 ग्रॅम भाजी, तीन चिरलेले टोमॅटो, तीन वाट्या पाणी, एक लहान चमचा मीठ. पास्ता पाण्याखाली बुडलेला हवा. मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, तीन मिनिटांनी शिट्टी चिमट्याने थोडी थोडी उचलून वाफ सोडा. एकदम उचलली तर पिष्टाचा फेस उडतो. हाच फेस वाफेच्या नळीत अडकू शकतो, म्हणून कुकर निम्म्याच्या वर कधीही भरू नका, एक चमचा तेल जरूर घाला आणि नंतर नळी फुंकून-धुऊन साफ करा.

तरीही आमचं मत कढईच्या बाजूने आहे. कुकरमध्ये मधेच चाखून पाहता येत नाही आणि अर्ध्या मिनिटाच्या फरकाने पास्ता लगदा होतो. 28 सेंटिमीटरच्या पॅनमध्ये तेच जिन्नस आणि चार वाट्या उकळतं पाणी घालून झाकण अर्धवट ठेवलं तर बारा-तेरा मिनिटांत काम होतं. वेळ फारसा वाचत नाही.

प्रश्न : मी शिकायला जर्मनीत आहे. विजेची एकच काचेची शेगडी, एक पातेलं, एक पॅन. ताजी भाजी टिकत नाही, म्हणून फ्रोजन वाटाणे, पालक, फ्लॉवर आणून ठेवतो. एकट्यासाठी काय करू? (श्टुटगार्ट)

उत्तर : फ्रोजन भाजीला पूर्ण वितळू देऊ नका, वितळली की तिचं पाणी तिच्यातच मुरत बसतं. आणि अशी शेगडी बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, त्यामुळे आच कमी करायची असेल तेव्हा बटण फिरवून थांबू नका, पॅन सरळ बाजूला उचला. लसूण जळतो तो याचमुळे.

पाणी विजेच्या किटलीत उकळा. 90 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पुरे, मीठ एक लहान चमचा आणि थोडं वर. वाटाणे शेवटच्या दोन मिनिटांत पास्त्यात टाका, बस्स. फ्लॉवर पाण्यात आधी टाका, सहा-सात मिनिटांनी मऊ झाला की झाऱ्याने काढा आणि त्याच पाण्यात पास्ता शिजवा. सिसिलीत ताज्या फ्लॉवरचंही असंच करतात, पाण्याला त्याची चव लागते. पास्ता निथळताना एक वाटी पाणी ठेवा. आता शेगडी मोकळी झाली. पॅनमध्ये दोन चमचे तेल, लसूण, मिरची, मग फ्लॉवर घालून डावाने निम्मा चेचा, थोडे बेदाणे घाला, पास्ता आणि अर्धी वाटी पाणी घालून दोन मिनिटं घोळवा. वर तेलात परतलेला ब्रेडचा चुरा घाला, शिळ्या ब्रेडचा सर्वांत चांगला उपयोग.

पालकाचे फ्रोजन गोळे आधी पॅनमध्ये मोठ्या आचेवर कोरडे होईपर्यंत परतून वाटीत काढून ठेवा. पास्ता नंतर. हा क्रम उलटा केला तर पास्ता गार होऊन चिकटतो आणि पालकाचं पाणी त्यात उतरतं.

प्रश्न : आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पास्ता आवडत नाही. अंडी चालतात. उरलेल्या भाज्यांचं एकाच पॅनमध्ये होणारं, पावाबरोबर खाता येईल असं काही सांगा. (मडगाव)

उत्तर : जाडसर अंड्याची पोळी करा, इटलीत फ्रिताता म्हणतात ती. 24 सेंटिमीटरचा नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा पॅन, सहा अंडी आणि आधीच शिजलेली 300 ग्रॅम भाजी. उकडलेला बटाटा, परतलेला कोबी, फरसबी, सिमला मिरची, आदल्या दिवशीची कोरडी भाजी, काहीही चालतं. फक्त भाजी कोरडी हवी. कच्ची किंवा रसाची घातली तर अंडं बसल्यावर ती पाणी सोडते आणि खालून पोळी चिकटते.

अंडी काट्याने एकजीव होईपर्यंतच फेटा, फेस नको. फेस आला की पोळी फुगते आणि मग बसते. अर्धा चमचा मीठ, मिरपूड, कोथिंबीर घाला. भाजीत मीठ असेल तर निम्मं. पॅनमध्ये दोन मोठे चमचे तेलात कांदा आणि भाजी तीन मिनिटं गरम करा, सारखी पसरा, वरून अंडी ओता. पहिलं मिनिट मध्यम आचेवर कडा आत ओढत राहा, म्हणजे वरचं पातळ अंडं खाली उतरतं. मग गॅस अगदी बारीक करून झाकण ठेवा. दहा ते बारा मिनिटांनी मधला रुपयाएवढा भाग ओलसर दिसला की वर सपाट ताटली उपडी ठेवून पॅन उलटा करा आणि पोळी परत सरकवून दोन मिनिटं ठेवा. उलटायची धास्ती वाटत असेल तर गॅस बंद करून झाकण आणखी पाच मिनिटं तसंच राहू द्या, आतल्या वाफेवर वरची बाजू शिजते. घरात वडीलधारे किंवा लहान मुलं असतील तर मधलं अंडं पूर्ण घट्ट होऊ द्या. आच मोठी राहिली तर खाली करपतं, मधे कच्चं राहतं आणि अंडं रबरासारखं होतं. पाच मिनिटं निववून मग त्रिकोणी कापा. पोदेराचा पाव मधे चिरून त्याच पॅनमध्ये शेकला तर पॅनमधलं तेलही त्याला लागतं.

प्रश्न : उरलेला पास्ता सकाळी डब्यात द्यायचा तर गोळा होतो. (पुणे)

उत्तर : थंड झाल्यावर पिष्ट घट्ट होतं आणि सॉसमधलं पाणी पास्ता ओढून घेतो. रात्रीच वेगळा काढायचा असेल तर कणी जरा जास्त ठेवा, अर्धा चमचा तेल लावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पॅनमध्ये दोन-तीन मोठे चमचे पाणी उकळवून त्यात पास्ता घाला, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी हलक्या हाताने मोकळा करा. पांढऱ्या सॉसचा असेल तर पाण्याऐवजी दूध. नीट वाफाळेपर्यंत गरम करा. डबा दुपारपर्यंत बाहेर राहणार असेल तर पांढरा सॉस देऊच नका, टोमॅटोचा किंवा नुसता तेल-लसणाचा द्या.

प्रश्न : स्वस्तातला पास्ता पाण्यात फुटतो, पाणी पांढरं होतं. सगळे पास्ते सारखेच नसतात का? (जळगाव)

उत्तर : नसतात. पाकिटाच्या मागे घटकांत फक्त 'ड्युरम गव्हाचा रवा' लिहिलेलं पाहा. ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सी गव्हाची जात. हा गहू कठीण असतो, प्रथिनं जास्त, आणि ती शिजताना पिष्टाला जाळ्यासारखी धरून ठेवतात. मैदा मिसळलेल्या पास्त्यात ही पकड ढिली असते. प्रथिनांचं प्रमाण 100 ग्रॅमला 12 ग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर पास्ता सहसा फुटत नाही. मैद्याचं पाकीट आधीच आणलेलं असेल तर ते वाया घालवू नका. पाणी जास्त घ्या, उकळी मध्यम ठेवा, पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधी उतरवा आणि पॅनमध्ये परतण्याऐवजी गरम सॉस वरून घाला. पातळ भाजीच्या सूपमध्ये तर तो अगदी नीट खपतो.